अमेरिकेतलं सगळ्यात अवघड सावज कोणतं?

डोंगरवेडा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मागच्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात एकाने विचारलं, "इतकी वर्षं शिकारीला जातोस, सगळ्यात अवघड काय रे? अस्वल ना?" मी म्हटलं, "नाही, बोकड." टेबलावर जो हशा पिकला तो अजून कानात आहे. म्हणून हा धागा.

माझी पार्श्वभूमी: कोलोरॅडोत सोळा वर्षं झाली. पुण्यात असताना दर शनिवार-रविवार सह्याद्रीत. बंदुकीशी संबंध फक्त एनसीसीतला. इथे शेजाऱ्याच्या नादाने एल्क नावाच्या थोराड हरणाच्या मागे लागलो, पहिली तीन वर्षं नुसता डोंगर चढून-उतरून रिकाम्या हाताने घरी आलो, आणि मग ते व्यसन सुटलं नाही.

बोकड म्हणजे माउंटन गोट. पांढरं, दाढीवालं, काळ्या शिंगांचं जनावर. नाव शेळीचं असलं तरी ही खरी शेळी नव्हे, हिमालयातल्या गोरल-सेरोंच्या गोतावळ्यात हिला धरतात. आमच्या राज्यात ती मूळची नाही, १९४० च्या दशकात बाहेरून आणून सोडली. परवाना सोडतीने मिळतो. आधी तीन वर्षं अर्ज करून नुसते गुण साठवायचे, त्यानंतर तुमची चिठ्ठी खऱ्या अर्थाने हंडीत पडते. माझी नवव्या वर्षी निघाली.

सप्टेंबरात मी आणि तोच शेजारी कॉलेजिएट पीक्स या डोंगररांगेच्या बाजूला गेलो. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर जिथे शिखर येईल त्याच्याही थोडा वर आमचा तंबू. झाडं तिथेच संपतात. पुढे सगळा घसारा आणि कातळ. पहिल्याच दुपारी एका सोंडेवर एकटं जनावर बसलेलं दिसलं. आता प्रश्न: बोकड की शेळी? शिंगं दोघांनाही असतात आणि लांबीही जवळपास सारखीच. कायद्याने दोन्ही चालतात, पण मादीला पहिलं पिल्लूच चार-पाच वर्षांची झाल्यावर होतं, ते बहुधा एकच, त्यामुळे वन्यजीव खातं कळकळीने सांगतं की नर बघा. नराची शिंगं बुंध्याशी जाड आणि जवळजवळ, बाक एकसारखा. मादीची बारीक, मध्ये फट, आणि शेंड्याजवळ एकदम मागे वळलेली. हे पुस्तकात सोपं आहे. पाऊण मैलावरून, उन्हाच्या झळांतून, दुर्बिणीत सगळी शिंगं सारखीच दिसतात. खात्रीची खूण एकच: मादी मुतायला मागे बसते, नर पुढे ताणून उभा राहतो. तर मंडळी, मी सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, वय ४४, एक जनावर कधी मुततंय याची वाट बघत दगडावर अडीच तास पालथा पडून होतो.

नर निघाला. पण तो होता तिथून गोळी लागली असती तर सरळ तीनशे फूट खाली. ही जनावरं चिवट असतात, गोळी लागल्यावर दोन पावलं टाकतात, आणि ती दोन पावलं नेमकी कड्याच्या दिशेने. खाली हाती येतो तो चिंध्या झालेला मांसाचा गोळा आणि मोडकी शिंगं. बार टाकला नाही. रात्री तंबूत शेजारी मला एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तोच (बहुतेक तोच) एका छोट्या पठारावर चरायला उतरला. वरच्या बाजूने गेलो, कारण ही मंडळी धोका खालून येतो असं धरून खालीच बघत असतात. २४० यार्डांवरून एक गोळी. तरीही तो गडगडत एका नाळेत चाळीसेक फूट गेला आणि डावं शिंग टोकाला मोडलं. सात वर्षांचा होता, शिंगावरची वळी मोजून कळतं. मांस, कातडं, डोकं मिळून चाळीस-पंचेचाळीस किलो, वर तंबू आणि रायफल. दुपारी एकला सोलायला घेतलं, गाडीपाशी पोचलो रात्री दीडला. घसाऱ्यावर उतरताना एकेक पाऊल ठेवायचं, ते एक फूट खाली सरकून थांबलं की दुसरं. माझा उजवा गुडघा अजून त्या रात्रीची आठवण काढतो.

माझं मत हे: अवघडपणा गोळी सुटेपर्यंतचाच मोजतात, तिथे चूक होते. तुमचं काय?

बंडूपंत

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. मुतण्याची माहिती डायरीत नोंदवून ठेवली आहे. फोटो टाका की राव!

ठिपकेदार

मला वाटायचं सगळ्यात वेगवान ते सगळ्यात अवघड. म्हणजे ते माळावरचं हरणासारखं प्राँगहॉर्न ना? ताशी ८०-९० किलोमीटर पळतं म्हणे.

डोंगरवेडा

@ठिपकेदार, पळतं खरं, पण पळणाऱ्यावर गोळी टाकायचीच नसते. वायोमिंगच्या माळावर रायफलवाल्यांना प्राँगहॉर्न बहुतेक मिळतंच. जुने शिकारी तर पांढरं फडकं हलवून त्याला कुतूहलाने जवळ बोलवायचे. धनुष्याने मात्र तेच जनावर रडवतं: झाड नाही, झुडूप नाही, आणि त्याचे डोळे म्हणजे दुर्बिणी. पाणवठ्याजवळ आडोसा करून दिवसभर आत उकडत बसावं लागतं. गंमत म्हणजे एवढं पळणारं जनावर, पण कुंपणावरून उडी मारायला बघत नाही, तारेखालून सरपटत जातं.

कॅल्गरीकर

छान लिहिलंय. पण बोकडाला पहिला नंबर? आमच्या अल्बर्टाकडे (कॅनडात) या, बिगहॉर्न मेंढा दाखवतो. स्थानिक रहिवाशाला इथे मोठ्या मेंढ्याचा परवाना सोडतीशिवाय विकत मिळतो, हे ऐकून तुमच्याकडचे लोक हेव्याने काळेनिळे होतात. पण थांबा. मेंढ्याच्या शिंगाची कमान किमान चार-पंचमांश भरली पाहिजे, नाहीतर तो बेकायदा. म्हणजे पुन्हा तेच, दुर्बीण लावून कोन मोजत बसायचं. शिंगाचा शेंडा डोळ्याच्या रेषेला लागतोय की दोन बोटं कमी आहे, यावर मी एकदा मित्राशी तासभर भांडलो. तेवढ्यात मेंढा उठला आणि खिंडीपलीकडे निघून गेला. पाच मोसम, शून्य मेंढे. बायको याला 'डोंगराची वारी' म्हणते. पंढरपूरला निदान विठोबा भेटतो, असंही म्हणते.

तुमच्याकडे परवान्याची किंमत काय असते हे इतरांना माहीत नसेल. २०१३ साली माँटानाचा एक बिगहॉर्न परवाना लिलावात ४ लाख ८० हजार डॉलरला गेला होता. एक मेंढा!

धनगरवाडा

आमच्या घरात दोनशे मेंढ्या होत्या, कुणी सांगितलंच नाही. असो. यांचे मेंढे इतके कमी का पण?

कॅल्गरीकर

@धनगरवाडा, गंमत बाजूला, पण उत्तर तुमच्याच धंद्यात आहे. पाळीव मेंढरांच्या नाकातले जंतू जंगली मेंढ्यांत गेले की न्यूमोनियाने अख्खे कळप बसतात. वाचलेल्या माद्यांची कोकरं पुढे काही वर्षं मरत राहतात. म्हणून चराईची मेंढरं आणि बिगहॉर्न यांच्यात अंतर ठेवण्यावरून तिकडे मेंढपाळ आणि वनखातं यांची कायमची जुंपलेली.

बोझमनची_वैदेही

इथे सगळे पुरुष आणि सगळे रायफलवाले दिसतायत, म्हणून लिहिते. माझं मत: सार्वजनिक जमिनीवर, धनुष्याने, एल्क. बस.

एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा थोराड, काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातलग. नर तीनशे किलोच्या वर. एवढं धूड लपणार कुठे असं वाटतं. सप्टेंबरमध्ये माजावर आलेला नर ओरडतो, त्याला इथे बगल म्हणतात. सुरुवात घोगरी, मग चढत जाणारी शीळ, आणि शेवटी खोकल्यासारखे तीन-चार हुंकार. पहाटेच्या अंधारात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला कॉफीचा कप सांडला होता. तो ओरडतो म्हणजे कुठे आहे ते कळतं. तरीही दहातले आठ-नऊ धनुर्धारी रिकामे परततात. कारण वारा.

ऊन चढलं की वारा दरीतून वर वाहतो, संध्याकाळी थंडावलं की उलटा, वरून खाली. मधल्या वेळात तो कुठेही फिरतो. मी गळ्यात टाल्कम पावडरची छोटी बाटली अडकवते, दर पाच मिनिटांनी चिमूटभर उडवायची. दोन वर्षांपूर्वी नवरा माझ्या मागे पन्नास पावलांवर बसून मादीचा आवाज काढत होता. नर आला. सत्तर यार्ड, पन्नास, पंचेचाळीस. माझी मर्यादा चाळीस. मध्ये एक फरचं झाड. तो त्या झाडामागे थांबला, मी धनुष्य ताणून धरलेलं, दंड थरथरायला लागले. नर शहाणा असेल तर सरळ येत नाही, आवाजाच्या मागून फेरी मारून वाऱ्याखाली येतो. यानेही तेच केलं. मानेच्या मागच्या बाजूला गार वाटलं, आणि मला कळलं की संपलं. एक भुंकल्यासारखा आवाज, फांद्या मोडत गेल्या, आणि सगळं शांत. किती वेळ धनुष्य धरलं होतं विचारलं तर मी दहा मिनिटं सांगेन. नवरा म्हणतो दीड.

बोकडाला डोळे आहेत, नाक आहे, पण तो कड्यावर भरवसा ठेवून असतो. एल्क कशावरच भरवसा ठेवत नाही.

डोंगरवेडा

@बोझमनची_वैदेही, शेवटच्या वाक्याला दंडवत. एल्कच्या बाबतीत माझं म्हणणं थोडं मागे घेतो. धनुष्याने मला आजवर एकही मिळालेला नाही.

शाकाहारी_वाघ

एक प्रामाणिक प्रश्न, भांडायला आलो नाही. पोट भरायला कॉस्टको आहे. एवढा आटापिटा करून जीव घ्यायचा याला छंद म्हणायचं? आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने हे थांबलं ते बरंच झालं असं मला वाटतं.

डोंगरवेडा

@शाकाहारी_वाघ, प्रश्न रास्त आहे. मी निसर्गसेवा म्हणून करत नाही, मला आवडतं म्हणून करतो, हे आधी कबूल. पण इथली रचना वेगळी आहे हेही बघा. शंभरेक वर्षांपूर्वी यांनीही सगळं मारून संपवत आणलं होतं, कारण रानातलं मांस बाजारात विकायची मुभा होती. ती विक्री बंद केली. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर, नंतर धनुष्यबाणांवरचाही, राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. मी मारलेलं मांस मी विकू शकत नाही, आणि खाण्यासारखं मांस रानात टाकून आलो तर गुन्हा. लांबच्या टोकाला मारलंत तरी खांद्यावर घालून आणायचंच.

कॉस्टकोतली कोंबडी मीही खातो. तिच्यासाठी मला कधी अडीच तास दगडावर पडावं लागलं नाही, एवढंच.

शाकाहारी_वाघ

पटलं नाही, पण उत्तर सरळ दिलंत, धन्यवाद.

मेथी_न्यूजर्सी

आमच्याकडे शिकार माझ्या मेथीची होते. हरणं अंगणात येऊन मेथी, टोमॅटो, गुलाबाच्या कळ्या सगळं साफ करतात, गाडीचा हॉर्न वाजवला तर वळून बघतात. यांना मारणं अवघड म्हणणाऱ्यांनी आमच्या ड्राइव्हवेत येऊन बसावं. गोचिडांनी लाइम रोग झाला तो वेगळाच.

कॅल्गरीकर

@मेथी_न्यूजर्सी, ही अंगणातली पोरंटोरं. पाच-सहा वर्षांचा व्हाइटटेल (हेच तुमच्याकडचं हरीण) नर मोसम सुरू झाला की दिवसाउजेडी दिसतच नाही. तो तुमच्या कुंपणामागच्या झाडीतच असतो, पण रात्री फिरतो. बरेच जुने शिकारी त्यालाच पहिला नंबर देतात.

रोही_टेक्सास

तुम्ही सगळे डोंगरातच अडकलात. मी दक्षिण टेक्सासचा, मूळ यवतमाळ. इथलं सगळ्यात चिवट जनावर कोणतं माहितीये? आपली रोही!

हो, नीलगाय. १९३० च्या सुमारास इथल्या एका प्रचंड मोठ्या रँचवर आणून सोडली, आता किनारपट्टीच्या झाडीत हजारोंनी आहेत. बाहेरचं जनावर म्हणून बारमाही शिकार चालते, फक्त परवाना आणि जमीनमालकाची परवानगी हवी. आमच्या गावी बाबा रात्रभर तुरीत डबे बडवायचे आणि रोही शांतपणे दुसऱ्या धुऱ्यावरून शिरायची. इथे लोक तिच्यामागे जायला हजारो डॉलर मोजतात. हे मी बाबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "त्याहिले म्हना, आमच्या वावरात या, फुकट."

पण चेष्टा नाही. मोठा नर अडीचशे किलोचा, खांद्यावरचं आणि मानेचं कातडं इतकं जाड की गोळीचं भोक मिटून जातं, रक्ताचा माग पडत नाही. काटेरी मेस्किटमध्ये शंभर पावलं गेला की गेला. इथले गाइड हरणाची रायफल आणू नका म्हणतात, थ्री हंड्रेड विन मॅग किंवा त्याच्या वरची आणा. डोळे, नाक, कान तिन्ही तिखट. ज्याच्या पूर्वजांनी वाघाबरोबर दिवस काढले त्याला पिकअपमधला माणूस काय वाटणार!

बंडूपंत

"त्याहिले म्हना" ला हजार गुण. धाग्याचा विजेता ठरला.

टुसॉनकर

सावकाश येतोय, पण कूज हरणाचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? ॲरिझोनाच्या दक्षिणेचं छोटं व्हाइटटेल, नर जेमतेम ४५ किलो. एलियट कूज नावाच्या लष्करी डॉक्टर आणि पक्षितज्ज्ञाचं नाव त्याला दिलंय. त्या घराण्यात उच्चार 'काउज' होता म्हणतात, पण इथे 'काउज' म्हणालात तर लोक गायी शोधतील.

ही शिकार पायांची नाही, डोळ्यांची. पंधरापट दुर्बीण तिवईवर लावायची, खाली उशी घ्यायची, आणि समोरचा उतार पट्ट्यापट्ट्यांनी वाचत जायचा. अख्खं हरीण शोधायचं नाही. कानाची कड, शेपटीचा पांढरा धागा, जमिनीला समांतर असलेली एखादी रेघ. एकदा सकाळी साडेसहापासून एकच उतार बघत होतो, काही नाही. साडेदहाला सावली सरकली म्हणून एक नर उठला, चार पावलं चालला आणि दुसऱ्या झुडपाखाली बसला. चार तास तो माझ्या दुर्बिणीच्या मधोमध होता. बसल्यावर पुन्हा दिसेना, तो कुठे बसलाय हे नक्की माहीत असूनही.

ठिपकेदार

आणि ग्रिझली? मूस?

डोंगरवेडा

ग्रिझली धोक्याचं, पण धोका आणि अवघडपणा वेगळा. अलास्का सोडून अमेरिकेत त्याची शिकार बंदच आहे, कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानेही २०१७ मध्ये थांबवली. अलास्कात बाहेरच्याला तपकिरी अस्वल, डॉल मेंढा आणि बोकड या तिघांसाठी गाइड किंवा तिथला जवळचा नातलग बरोबर लागतो. यादीत बोकड आहे, हे त्या हसणाऱ्या टेबलाला कुणीतरी कळवा. मूस मारणं त्या मानाने सोपं म्हणतात, पण पाण्यात उभा असताना मारू नका. सहाशे किलोचं जनावर गुडघाभर चिखलात सोलायचं म्हणजे काय ते एकदा केलेल्याला विचारा.

चिपळूणचा_नातू

आमच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, डुकराच्या हाकाऱ्याच्या गोष्टी आणि मग मांसाचे वाटे कसे पडायचे हे ऐकत मोठा झालो. सहज विचारतो, तिकडे ठासणीची चालते का?

डोंगरवेडा

चालते म्हणजे काय, तिचा वेगळा मोसम असतो! कोलोरॅडोत सप्टेंबरात नऊ दिवस. सुटी दारूच हवी, तयार गोळीवजा दारू नाही, आणि बंदुकीवर दुर्बीणही नाही. आजोबांना इथे करमलं असतं. फक्त हाकारा नाही, आणि डोक्यावर भडक नारिंगी किंवा गुलाबी टोपी सक्तीची.

नवा_पाहुणा_डेन्व्हर

वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच लिहितोय. मी एच-वन-बी वर आहे. मला हे करता येईल का? बंदूक हातात घेतली तर व्हिसाचं काही होणार नाही ना?

डोंगरवेडा

महत्त्वाचा प्रश्न, नीट वाच. केंद्रीय कायद्याने तुझ्यासारख्या व्हिसावाल्याला बंदूक बाळगायला एरवी बंदी आहे, पण शिकारीचा चालू परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. म्हणून क्रम असा: आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स (१९४९ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या सगळ्यांना इथे लागतोच), मग परवाना, आणि मगच बंदुकीला हात. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, हे लोक विसरतात. इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचार, फोरमवरच्या काकांवर जाऊ नकोस. धनुष्याला हा नियम लागत नाही, वैदेहीताई खूश होतील.

सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. बोकडासाठी आत्तापासून भरायला लाग, म्हणजे तुझं ग्रीन कार्ड आणि परवाना एकाच सुमाराला येतील.

नवा_पाहुणा_डेन्व्हर

😄 ग्रीन कार्डावर मीठ चोळू नका. या वर्षी नुसतं बघायला येऊ का?

बोझमनची_वैदेही

अरे आधी त्याला विचार बोकडाचं मांस कसं लागलं. तो भाग शिताफीने गाळलाय.

डोंगरवेडा

पकडलंत. सात वर्षांचा नर, कुकरला आठ शिट्ट्या, तरी रबर. दुसऱ्या खेपेला रात्रभर दह्यात ठेवून, खिमा करून कोल्हापुरी मसाल्यात घातला तेव्हा घरच्यांनी माफ केलं.

@नवा_पाहुणा_डेन्व्हर, ये ना. ऑक्टोबरात एल्कला जातोय. गुडघ्यामुळे मला एक माणूस हवाच आहे. हातात बंदूक देणार नाही, पाठीवर फरा देईन. चांगले बूट आत्ताच घे आणि घालून सैल करून ठेव.